नर्मदाने स्कोअर चुकीचा वाचला

कुवेतला आल्यावर पहिल्या घरात नर्मदाला सगळे 'मारिया' म्हणत. तिच्याआधी तिथे काम करणारी बाई मारिया होती, आणि मॅडमला नवं नाव तोंडात बसवायचा कंटाळा होता. नर्मदाने दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवसापासून ती त्या हाकेला ओ देईनाशी झाली. भांडी घासायची, इस्त्री करायची, मुलांना भरवायची, पण 'मारिया' म्हटलं की मान वर करायची नाही. मॅडम चिडली. एजन्सीच्या माणसाने परत पाठवण्याचा दम भरला. नर्मदा म्हणाली, पाठवा, पण तिकिटावर नाव कुठलं घालणार ते आधी सांगा. आठवड्याभरात सगळं घर तिला तिच्या नावाने हाक मारायला लागलं.

याला आता एकोणीस वर्षं झाली. नर्मदा देवगड तालुक्यातल्या एका लहानशा गावची. शाळा सातवीपर्यंत. नवऱ्याने दुसरा संसार मांडला, तेव्हा ती रडत बसली नाही. कणकवलीच्या एका दवाखान्यात आया म्हणून लागली. रुग्णाला कुशीवर वळवणं, पाठ चोळणं, नळीतून पेज देणं, सगळं तिथे शिकली आणि त्याच शिदोरीवर कुवेतला आली. तीन-चार घरं झाली. सगळीकडे तिच्याबद्दल एकच मत होतं: कामाला चोख, पण सांगितलेलं मुकाट्याने ऐकेल तर शपथ.

आठ वर्षांपूर्वी ती कुवेतच्या जाब्रिया भागात मिस्टर डॉबसनकडे आली. डॉबसन म्हातारा इंग्रज. जहाजावर इंजिनियर म्हणून उमेदीची वर्षं काढली, मग कुवेतच्या बंदरात दुरुस्तीच्या कामाला लागला, एका लेबनीज शिक्षिकेशी लग्न केलं आणि इथलाच होऊन गेला. बायको वारली होती. एकुलती एक मुलगी अलिना बँकेत मोठ्या हुद्द्यावर, तिच्याच घरात खालच्या मजल्यावर तो राहायचा. उंच, हाडापेराने मजबूत, आणि स्वभावाने असा की त्याच्याकडे आधीच्या तीन कामवाल्या टिकल्या नव्हत्या. त्याची दृष्टी अधू होत चालली होती. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी त्याला करडा डाग दिसायचा. वाचन तर संपलंच होतं.

पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "फुटबॉल कळतो का?"

"नाही," नर्मदा म्हणाली.

"बरं झालं. म्हणजे चुकीचं शिकलेलं पुसायला नको."

त्याने कपाटातून एक जाडजूड वही काढायला लावली. इंग्लंडमधल्या संडरलंड या गावच्या क्लबचा १९७२-७३चा हंगाम तिच्यात होता. त्याच्या आईने वर्तमानपत्रातली कात्रणं पिठाच्या खळीने चिकटवली होती, कारण त्या वर्षी डॉबसन बोटीवर होता. ज्या हंगामाची सारं गाव पुढे पन्नास वर्षं गोष्ट सांगणार होतं, त्यातला एकही सामना त्याने पाहिला नव्हता. फायनलच्या दिवशी त्याची बोट याच आखातात नांगर टाकून उभी होती, आणि खरखरणाऱ्या रेडिओवर त्याला जेमतेम अर्धा सामना ऐकू आला होता. घरी गेल्यावर आईने ही वही हातात ठेवली. तेव्हापासून तो हंगाम त्याने वाचूनच जगला होता. आता डोळे गेल्यावर तोही हातचा जात होता.

रोज चार वाजता चहा झाला की नर्मदा वाचायला बसायची. तिचं इंग्रजी म्हणजे औषधांची नावं आणि बाजारहाट. पहिले काही महिने एकेका वाक्याला घाम फुटायचा. रेडिंग नावाच्या गावाचं स्पेलिंग 'वाचन' या शब्दाचंच, म्हणून ती ते रीडिंग वाचायची आणि म्हातारा खुर्चीतल्या खुर्चीत तडफडायचा. एकदा तो तिच्यावर ओरडला. नर्मदाने वही मिटली, कपाटात ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरायला घेतले. सलग पाच दिवस तिने वाचलं नाही. सहाव्या दिवशी चार वाजता डॉबसन काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आला आणि म्हणाला, की माझं चुकलं. मग दोघं परत कामाला लागली.

हळूहळू तिला गोष्ट कळायला लागली, आणि कळल्यावर ती तिला भलतीच आवडली. संडरलंड म्हणजे गोदीकामगारांचं आणि कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या माणसांचं गाव. क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, तिथेही नोव्हेंबरात तळाशी लोळत पडलेला. जुना मॅनेजर गेला, नवा आला. मग सुरू झाला कप: सगळ्या डिव्हिजनचे क्लब, हरला तो बाहेर, बरोबरी झाली तर सामना परत. नॉट्स काउंटीशी पहिल्या दिवशी बरोबरी, मग घरच्या मैदानावर विजय. रेडिंगशी तेच: आधी बरोबरी, मग त्यांच्या गावात जाऊन तीन-एक. मँचेस्टर सिटीशी तर दोन-दोन झाले, लोकांना वाटलं आता संपलं. घरी आणून त्यांनाही तीन-एकने धुतलं. ल्यूटन. मग आर्सेनल. आणि शेवटी वेम्बलीवर लीड्स, आदल्या वर्षीचे विजेते, ज्यांच्या संघात देशाकडून खेळलेल्या खेळाडूंची रांग लागली होती. संडरलंडकडे तसा एकही नव्हता. बत्तिसाव्या मिनिटाला एक गोल. मग लीड्सचं वादळ. गोलकीपरने एक चेंडू झेप घेऊन ढकलला, तो पडला लीड्सच्याच माणसाच्या पायाशी, त्याने तोफेसारखा मारला आणि जमिनीवरून अर्धवट उठलेल्या गोलकीपरने तोही वरच्या दांडीवर घालवला. एक-शून्य. मॅनेजर डोक्यावरची हॅट सांभाळत गोलकीपरला मिठी मारायला मैदानभर धावला.

नर्मदाला हे वाचताना लीड्सचा राग यायचा. गणपतीनंतर गौरी याव्या तसे नेहमी तेच का जिंकायचे, असा तिचा सवाल. ऑफसाइड म्हणजे काय हे डॉबसनने तिला साखरेच्या डब्याने आणि चमच्यांनी समजावलं, आणि ती म्हणाली की नियम मूर्खपणाचा आहे. ते भांडण दोन वर्षं चाललं.

यंदा जानेवारीत, न्याहारीच्या टेबलावर, डॉबसनच्या हातातला चमचा खाली पडला. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. जाब्रियातल्याच एका खासगी इस्पितळात त्याला ठेवलं. पहिले दहा दिवस मरणाशी झटापट झाली. तो वाचला. पण वाचला म्हणजे काय, हे कुणाला सांगता येत नव्हतं. डोळे कधी उघडे, कधी मिटलेले. 'हात उचला' म्हटलं तर उचलत नव्हता, 'डोळे मिटा' म्हटलं तर मिटत नव्हता. नाकातून नळी.

तीन आठवड्यांनी डॉक्टर यासिरने अलिनाला बसवून घेतलं. तरुण होता, सभ्य होता, बोलताना आवाज चढवत नव्हता. तो म्हणाला की मेंदूच्या बोलण्या-समजण्याच्या भागाला मोठी इजा आहे, सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचत असल्याची काही खूण नाही, तेव्हा बोलण्याचे आणि हातापायांचे व्यायाम चालू ठेवण्यात अर्थ नाही. पोटातून कायमची नळी घालू आणि दीर्घ शुश्रूषेच्या ठिकाणी हलवू. येत्या रविवारी कागदांवर सह्या. अलिनाचे डोळे सुजले होते. तिने मान हलवली.

नर्मदा पाठीमागे भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "त्यांना समजतं."

डॉक्टरने वळून पाहिलं आणि सौम्यपणे विचारलं, की हे तुम्हाला कशावरून वाटतं. नर्मदाने सांगितलं, आठ वर्षं मी त्यांच्याजवळ आहे. त्याने सांगितलं की जवळच्या माणसांना नेहमीच असं वाटतं, आणि ते स्वाभाविक आहे. त्या मऊ आवाजाचा नर्मदाला ओरडण्यापेक्षा जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन इस्पितळात गेली. चार वाजता पलंगाच्या उजव्या अंगाला खुर्ची ओढली, घरी बसायची तशी, आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानापासून, एकही शब्द न गाळता. डॉबसन मिटल्या डोळ्यांनी पडून होता. बोट हललं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नर्स येऊन जात होत्या, शेजारच्या पलंगाजवळची माणसं कौतुकाने बघत होती, आणि नर्मदाला त्या कौतुकाची चीड येत होती. तिला कुणाची कीव नको होती. तिला डॉक्टर खोटा पाडायचा होता.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, तिच्या चष्म्याची काडी निखळली. एका हाताने चष्मा धरून वाचताना दोन पानं एकदम उलटली गेली. नॉट्स काउंटी संपलं आणि ती थेट मँचेस्टर सिटीवर गेली. दोन ओळी वाचल्या असतील, तोच डॉबसनचा डावा हात गादीवर आपटला.

नर्मदा थांबली. हाताकडे बघत राहिली. मग सिटीचीच पुढची ओळ वाचली. हात परत आपटला. तिने पानं मागे उलटली आणि रेडिंगचा सामना सुरू केला. हात शांत पडून राहिला, शेवटच्या ओळीपर्यंत.

मग तिने पाण्याचे दोन घोट घेतले आणि मुद्दाम, अगदी सरळ चेहऱ्याने वाचलं, की ल्यूटनने संडरलंडला दोन-शून्यने हरवलं. हात असा आपटला की सुईची पट्टी सुटली.

तिने डॉक्टरला शोधलं नाही. ती तडक समिधाकडे गेली. समिधा पुण्याची मुलगी, त्या इस्पितळात बोलण्याचे व्यायाम घ्यायची. डॉबसनचेही तिने दहाएक दिवस घेतले होते, मग वरून बंद करायला सांगितलं गेलं.

"समिधाबाय, हो माणूस आत जागो आसा," नर्मदा म्हणाली. "तेका सगळा समाजता. मी चुकीचा वाचलंय की हात आपटता."

समिधाने सगळं नीट ऐकून घेतलं. ती म्हणाली, "मावशी, मला पण तसंच वाटावं असं वाटतंय. पण तुमच्या आवाजातूनही त्यांना कळत असेल. चुकीचं वाचताना आपला सूर बदलतो. असं सांगितलं तर डॉक्टर मानणार नाहीत."

"मग मानतीत असा काय ता कर."

समिधाने वहीवरून दहा वाक्यं उतरवून घेतली. पाच खरी, पाच फिरवलेली, क्रम उलटसुलट. ठरलं असं की रविवारी सह्या होण्याआधी डॉक्टर स्वतः वाचतील आणि नर्मदा खोलीत असेल, पण तोंड उघडणार नाही. डॉक्टर यासिर तयार झाला. अलिना मात्र नर्मदाला बाजूला घेऊन म्हणाली, की मला परत आशा लावू नकोस, मी आत्ताच कुठे स्वतःला समजावलंय. नर्मदाने तिला सांगितलं की आशा-बिशा मला ठाऊक नाही, मी हात बघितला आहे.

रविवारी अकराला सगळे जमले. डॉक्टर पलंगाच्या डाव्या अंगाला, मॉनिटरपाशी उभा राहिला आणि त्याने एकामागून एक दहा वाक्यं वाचली, प्रत्येकानंतर सावकाश थांबत. डॉबसनचे डोळे उघडे होते. हात एकदाही हलला नाही. संडरलंड हरलं म्हटलं तरी नाही, जिंकलं म्हटलं तरी नाही.

डॉक्टरने कागदाची घडी घातली आणि अलिनाच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला. अलिना दाराकडे वळली. दारात नर्मदा उभी होती.

"बाजूला हो," अलिना म्हणाली.

"नाही होणार."

आपण हे काय करतोय, हे नर्मदाला पुरतं कळत होतं. अलिनाच्याच नावावर तिचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, होता. अलिनाच्या एका शब्दावर नर्मदाची कुवेतमधली एकोणीस वर्षं गुंडाळली गेली असती. पण डोळ्यांसमोर ती खोली होती, आणि त्या खोलीत काहीतरी चुकलं होतं, तिला नुसतं ते सापडत नव्हतं. पलंग तोच. माणूस तोच. वाक्यं तीच. डॉक्टर तिथे मॉनिटरपाशी...

"ते कुठे उभे राहिले?" ती म्हणाली. "डाव्या बाजूला. मॅडम, तुमच्या वडिलांचा डावा कान कधीपासून गेलाय?"

अलिनाने तोंडावर हात ठेवला. वीसेक वर्षं इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाचा डावा कान तिच्या जन्माआधीच गेला होता. घरी सगळी त्याच्या उजव्या हाताला बसत; इतकी सवय झाली होती की त्यात सांगण्यासारखं काही आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. इस्पितळाच्या कागदांत ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि त्या खोलीत दार डावीकडे, मॉनिटर डावीकडे, म्हणून जवळजवळ चार आठवडे जो तो डावीकडूनच बोलत आला होता.

डॉक्टर यासिरने घडी घातलेला कागद उलगडला आणि समिधाच्या हातात दिला. "तुम्ही वाचा," तो म्हणाला. "उजवीकडून."

समिधा खुर्ची ओढून बसली. पहिलं वाक्य खरं होतं. हात शांत राहिला. दुसरं फिरवलेलं, हात आपटला. तिसऱ्याला आपटला, चौथ्याला नाही. अलिना पलंगाची कड धरून उभी होती. पाचव्याला समिधाने वाचलं, की रेडिंगच्या मैदानावर संडरलंडने तीन-दोनने विजय मिळवला.

हात आपटला.

समिधाचा चेहरा उतरला. तिने डॉक्टरला सांगितलं की हे खऱ्या वाक्यांपैकी आहे, कात्रणात असंच छापलेलं आहे. डॉक्टरने पेनाने एक खूण केली. तो म्हणाला, की एक चूक चालेल, पुढे वाचा.

"चूक त्यांची नाही," नर्मदा म्हणाली. तोंड उघडायचं नाही हे ठरलेलं ती विसरली नव्हती. तिने ते बाजूला ठेवलं. पिशवीतून वही काढून ते पान उघडलं आणि डॉक्टरपुढे धरलं. कात्रणात तीन-दोन छापलं होतं. त्या दोनावर बारीक पेन्सिलीने काट मारून समासात कुणीतरी एकाचा आकडा लिहिला होता. "पेपरवाल्याने चुकीचं छापलंय. यांच्या आईने सुधारलंय. मी नेहमी एकच वाचते. हिने छापलेलं उतरवलं."

डॉक्टर यासिरने पान खिडकीशी नेऊन पाहिलं. परत आला तेव्हा तो आधीचा सौम्य माणूस नव्हता. त्याला घाई झाली होती. त्याने आपली खूण खोडली आणि समिधाला पुढे वाचायला सांगितलं. सहा, सात, आठ, नऊ बरोबर गेली. दहावं होतं, फायनलमध्ये लीड्स एक, संडरलंड शून्य.

हात आपटला तो बाजूच्या टेबलावरचा प्याला घेऊन. आणि वाकड्या तोंडातून घशातला खरखरीत आवाज आला. "नो."

त्या दिवशी कुणी सह्या केल्या नाहीत.

पुढचं सगळं सोपं झालं असं नाही. व्यायाम पुन्हा सुरू झाले. नाकातली नळी निघायला सात आठवडे लागले, घरी यायला मे उजाडला. डॉबसन चालू शकत नाही, आणि आता चालेल असं कुणी म्हणतही नाही. कित्येक दिवस त्याच्याकडे एवढा एकच शब्द होता आणि तो त्याने मनसोक्त वापरला. सूप नो, उशी नो, समिधाचे व्यायाम नो, नो, नो. समिधा म्हणायची, की मावशी, याच्याइतका हट्टी पेशंट पाहिला नाही. नर्मदा म्हणायची, "तो हट्टी होतो म्हणान वाचलो."

अलिनाने एकदा तिला बसवून विचारलं, की मी तुझ्यासाठी काय करू. नर्मदाने सांगितलं, की इस्पितळाच्या कागदांवर पहिल्या पानावर ठळक अक्षरांत डाव्या कानाचं लिहायला लावा, आणि दुसरं म्हणजे मला दोन महिन्यांची रजा द्या. तीन वर्षांत मी घर बघितलेलं नाही.

डॉबसनला हे कळल्यावर तो अर्थातच म्हणाला, "नो."

"मी जाणार," नर्मदा म्हणाली. तिने बॅग भरली आणि ती गेली. विमानतळावर तिला अलिनाचा फोन आला, की रोज चारला फोनवर वाचशील का, ते ऐकत नाहीत. नर्मदाने सांगितलं की रजा म्हणजे रजा. वही कपाटात आहे, तुमचे डोळे धड आहेत, तुम्ही वाचा.

दोन महिन्यांनी ती परतली तेव्हा सव्वाचार वाजले होते. बॅग दारातच ठेवून ती आत आली. अलिना बँकेच्या कपड्यांतच वडिलांच्या उजव्या हाताला बसून आर्सेनलचा सामना वाचत होती, भरभर, श्वास न घेता. डॉबसन कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. त्याच्याकडे आता सहा-सात शब्द जमले होते, आणि त्यातला एक त्याने मुलीवर वापरला.

"स्लो."

अलिना जागा द्यायला उठू लागली. नर्मदाने तिला हातानेच बसवलं, स्वयंपाकघरात जाऊन स्वतःपुरता चहा टाकला आणि कप घेऊन पलीकडच्या खुर्चीत येऊन बसली. आठ वर्षांत हा सामना तिने शंभरदा वाचला असेल, पण कुणी वाचून दाखवलेला कधी ऐकला नव्हता. अलिना दुसऱ्या गोलपर्यंत आली. नर्मदाने मध्येच सांगितलं, की त्या आर्सेनलच्या गोलकीपरचं थोडं चुकलंच. डॉबसनने तिच्या दिशेने मान वळवली, हात उचलला आणि खुर्चीच्या हातावर आपटला. नर्मदा म्हणाली की मला जे वाटतं ते मी बोलणार, आणि अलिनाला पुढे वाचायला सांगितलं.